गर्दी नको, बेट हवं : ग्रीसच्या सुट्टीविषयी वाचकांचे प्रश्न

ग्रीसच्या बेटांवर निवांत सुट्टी कशी काढावी, याविषयी सातारा-सांगली भागातून बरीच पत्रं आली. सँटोरिनी आणि मिकोनोसची गर्दी बहुतेकांना टाळायची आहे. सारखे प्रश्न एकत्र करून ही उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : आम्ही नवरा-बायको दोघंही साठीच्या पुढचे. पांढरी घरं, निळा समुद्र पाहायचाय, पण रांगा आणि धक्काबुक्की नको. सँटोरिनीच्या आसपास शांत बेट कोणतं? (सातारा)

उत्तर : फोटो नंतर पाहा. आधी दोन गोष्टी तपासा: बेटावर विमानतळ आहे का आणि आठवड्याला बोटी किती. सँटोरिनी, मिकोनोसला युरोपभरातून थेट विमानं उतरतात, वर क्रूझची जहाजं येतात. जिथे फक्त बोट जाते, आणि तीही रोज नाही, तिथे माणूस ठरवूनच जातो. तिथली शांतता टिकली आहे ती याच अडचणीमुळे.

या कसोटीवर सँटोरिनीच्या शेजारची तीन बेटं उतरतात. फोलेगँड्रोसचं मुख्य गाव सुमारे २०० मीटर उंच कड्याच्या काठावर आहे. (बेटावरच्या मुख्य गावाला बहुतेक ठिकाणी ‘खोरा’च म्हणतात, पाटीवर तेच लिहिलेलं असतं.) आत वाहनं नाहीत, एकाला लागून एक छोटे चौक आहेत आणि झाडांखाली खाणावळींची टेबलं. सिकिनोसची वस्ती तीनशेच्या आतबाहेर. तिथलं एपिस्कोपी म्हणजे रोमन काळातली समाधी, जिचं पुढे चर्च झालं. भोवती उघडा डोंगर आणि वाऱ्याशिवाय आवाज नाही. अनाफी सगळ्यांत आडबाजूला. १९३० च्या दशकात सरकार राजकीय विरोधकांना तिथे हद्दपार करत असे, यावरून ते किती एकाकी असेल याचा अंदाज यावा. १९व्या शतकात अथेन्स राजधानी म्हणून उभं राहत होतं तेव्हा याच बेटावरचे गवंडी तिथे कामाला गेले. अॅक्रोपोलिसच्या पायथ्याशी त्यांनी बांधलेली ‘अनाफिओटिका’ ही वस्ती अजून आहे. अथेन्समध्ये असाल त्या दिवशी जरूर पाहा.

पण या तिन्ही ठिकाणी चढ आणि पायऱ्या चुकत नाहीत. गुडघे कुरकुरत असतील तर आमचं मत आनो कुफोनिसीला. बेट जेमतेम पावणेसहा चौरस किलोमीटरचं आणि जवळपास सपाट. गाव एकच, तेही बंदराला लागून. गावातून दक्षिण किनाऱ्याने पायवाट निघते. फिनिकास, फानोस, इतालिदा असे किनारे एकामागून एक येतात आणि शेवटी पोरी. चालायचं तितकं चाला, थकलात की जवळच्या किनाऱ्यावर बसा. गाडीची गरज नाही. फक्त ऑगस्टमध्ये जाऊ नका. तेव्हा हेच छोटं बेट गच्च भरतं.

प्रश्न : मुलांच्या मे महिन्याच्या सुट्टीत जावं की दिवाळीत? (वाई)

उत्तर : दिवाळीचा विचार सोडा. ऑक्टोबर सरत आला की बोटींचं हिवाळी वेळापत्रक सुरू होतं, लहान बेटांवरच्या खाणावळी आणि खोल्या बंद होतात. नोव्हेंबरमध्ये कुफोनिसीसारख्या ठिकाणी उतरलात तर जेवण शोधत फिरावं लागेल.

एप्रिल आणि मेच्या पहिल्या पंधरवड्यात हवा छान असते, पण समुद्र गार, १८-१९ अंशांचा. मुलं पाण्यात पाय घालतील आणि बाहेर पळतील. त्यामुळे शाळेची सुट्टी हिशोबात धरली तर मेचा शेवटचा आठवडा ते जूनचे पहिले दहा दिवस हा उत्तम काळ. शाळेचं बंधन नसेल तर सप्टेंबर सगळ्यांत चांगला: उन्हाळाभर तापलेलं पाणी २४ अंशांच्या आसपास असतं आणि सुट्टीचे लोक परतलेले असतात.

ऑर्थोडॉक्स (म्हणजे ग्रीक चर्चच्या) ईस्टरच्या आसपास आणि १५ ऑगस्टच्या आठवड्यात ग्रीक माणसं स्वतःच गावी जातात. बोटी आणि खोल्या दोन्ही भरलेल्या असतात. २०२७ मध्ये हा ईस्टर २ मेला आहे, तेव्हा मेच्या सुरुवातीची तिकिटं काढताना तारीख पाहून घ्या.

जुलै-ऑगस्टमध्ये आणखी एक अडचण येते: मेल्तेमी. बाल्कनवर हवेचा दाब जास्त आणि तुर्कस्तानच्या तापलेल्या जमिनीवर कमी, त्यामुळे एजियन समुद्रावर उत्तरेकडून कोरडा, जोरदार वारा वाहतो. आकाश स्वच्छ निळं असतं, पावसाचं चिन्ह नसतं, आणि तरी बोट सुटत नाही. आपल्याकडच्या माणसाला हे पटकन पटत नाही. वारा दुपारी वाढतो, कधी कधी सलग काही दिवस टिकतो. अशा दिवसांत दक्षिणेकडे तोंड असलेले किनारे निवडा. उत्तरेकडच्या किनाऱ्यावर वाळू अंगावर येते.

प्रश्न : बोटीचा सगळा प्रकार नीट समजावून सांगा. कुठून, कशी, किती आधी तिकीट काढायचं? (कराड)

उत्तर : अथेन्सजवळ तीन बंदरं आहेत. पिरेयस सगळ्यांत मोठं. वर सांगितलेल्या बेटांच्या बहुतेक बोटी इथून सुटतात. राफिना विमानतळाला सगळ्यांत जवळ. अँड्रोस, तिनोसच्या बोटी इथून. लाव्रियोहून केआ आणि किथ्नोस. तिकिटावर बंदराचं नाव दोनदा वाचा, कारण चुकीच्या बंदरावर पोचलात तर बोट गेलीच म्हणून समजा.

विमानतळावरून पिरेयसला मेट्रो थेट जाते, तासभर लागतो. एक्स-९६ ही बस चोवीस तास असते. पिरेयस अवाढव्य आहे. ई-१, ई-२ असे गेटचे नंबर असतात आणि काही गेटं मेट्रो स्टेशनपासून दीड-दोन किलोमीटर दूर पडतात. बंदराच्या आत फुकट बस फिरते. बोट सुटण्याच्या तासभर आधी गेटवर असा.

बोटी दोन तऱ्हेच्या. मोठी साधी बोट हळू जाते, पण स्थिर असते आणि डेकवर उघड्यावर बसता येतं. पिरेयसहून नॅक्सोसला तिला सव्वापाच-साडेपाच तास लागतात. वेगवान कॅटामरान वेळ बराच वाचवते, भाडं जवळपास दीडपट-दुप्पट, आत बंद बसावं लागतं आणि लाटांवर ती आपटते. घाटातल्या एसटीत ज्यांना मळमळतं त्यांनी मोठीच बोट घ्यावी, मधल्या भागात, मागच्या बाजूला बसावं आणि गोळी बोट सुटण्याआधी घ्यावी. उलटी सुरू झाल्यावर गोळीचा उपयोग नाही. नॅक्सोसहून इराक्लिया, स्किनूसा, कुफोनिसी करत आमोर्गोसला ‘एक्सप्रेस स्कोपेलितिस’ ही छोटी बोट जाते. बेटं जवळून पाहायला तिच्यासारखी दुसरी नाही, मात्र वारा असेल त्या दिवशी ती चांगलीच डोलते.

चढताना मोठी बॅग खाली, गाड्यांच्या मजल्यावरच्या फळ्यांवर ठेवायची असते. प्रत्येक फळीवर बेटाचं नाव लिहिलेलं असतं. आपल्याच बेटाच्या फळीवर ठेवा, नाहीतर उतरताना दुसऱ्यांच्या ढिगाखालून ओढावी लागेल. पासपोर्ट, औषधं, पैसे वर सोबत न्या. लहान बेटावर बोट पाच-दहा मिनिटंच थांबते. नावाची घोषणा झाली की लगेच जिना उतरून खाली जा आणि बॅग हातात घेऊन उभे राहा. बोट वळून पाठीमागून धक्क्याला लागते, लोखंडी फळा खाली येतो, उतरणारे उतरतात, चढणारे चढतात आणि ती निघते. धक्का लागल्यावर जागेवरून उठणारा माणूस पुढच्या बेटाला जातो.

वारा ८ बोफर्टच्या (वाऱ्याचा जोर मोजायचं हे माप) घरात गेला की बंदराचे अधिकारी बोटींना सुटू देत नाहीत. याला तिथे ‘अपागोरेफ्तिको’ म्हणतात. वेगवान आणि छोट्या बोटी त्याआधीच थांबवल्या जातात. फेरी रद्द झाली तर पुढच्या बोटीत जागा किंवा पूर्ण पैसे परत, यातलं एक तुम्हाला निवडता येतं. पण चुकलेल्या विमानाचे पैसे बोट कंपनी देत नाही. म्हणून परतीच्या विमानाआधीची शेवटची रात्र अथेन्समध्ये काढा. जुलै-ऑगस्टमध्ये दोन रात्री.

उन्हाळ्याचं वेळापत्रक साधारण वसंताच्या तोंडावर जाहीर होतं. जूनसाठी दीड-दोन महिने आधी तिकीट काढलं तर चालतं. आणि आमोर्गोसला जाणार असाल तर लक्षात ठेवा, तिथे कातापोला आणि एगियाली अशी दोन बंदरं आहेत, एकमेकांपासून चांगलीच दूर. खोली एकीकडे आणि बोट दुसरीकडे, ही चूक अनेकांची होते.

प्रश्न : नऊ रात्रींत चार बेटं बसतील का? (विटा)

उत्तर : बसवता येतील, पण सुट्टी राहणार नाही. प्रत्येक बदलीला अर्धा-पाऊण दिवस जातो: खोली सकाळी सोडा, धक्क्यावर थांबा, बोट उशिरा, पुन्हा खोली शोधा. नऊ रात्रींचं गणित असं मांडा: उतरल्यावर एक रात्र अथेन्स, पाच रात्री एका बेटावर, दोन रात्री त्याच बोटीच्या मार्गावरच्या दुसऱ्या बेटावर, शेवटची पुन्हा अथेन्स. दुसरं बेट मोठं घ्या, उदाहरणार्थ नॅक्सोस, म्हणजे परतीला बोटी भरपूर मिळतात. तिसऱ्या बेटाचा मोह आवरा. लहान बेटाची खरी ओळख तिसऱ्या दिवशी होते, बेकरीवाला ओळख दाखवू लागतो तेव्हा.

प्रश्न : माझं उत्पन्न शेतीचं आहे, ऊस आणि द्राक्षं. आयकर विवरणपत्र नाही. व्हिसा मिळेल का? (पलूस)

उत्तर : ग्रीसला शेंगेन व्हिसा लागतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि किमान पंधरा दिवस आधी तो द्यावाच लागतो. प्रत्यक्षात दोन महिने आधी द्या. शुल्क मोठ्यांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५, त्याहून लहानांना माफ. अर्ज केंद्राची फी वेगळी. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला, परतीनंतर तीन महिने चालणारा आणि दोन पानं कोरी असलेला हवा. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा.

विवरणपत्र नाही म्हणून अर्ज आपोआप फेटाळला जात नाही. पैसा कुठून येतो आणि तुम्ही परत का येणार, एवढं कागदांवरून दिसलं पाहिजे. सातबारा, ८-अ, कारखान्याची ऊसबिलं, द्राक्षं विकल्याच्या पावत्या, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, हे सगळं इंग्रजी भाषांतरासह जोडा. सोबत एका पानाचं पत्र लिहा: जमीन किती, पीक कोणतं, वर्षाला साधारण किती येतं, पैसे कोणत्या महिन्यात जमा होतात. हे शेवटचं महत्त्वाचं आहे. उसाचे पैसे हप्त्याने एकदम येतात. नुसतं बँकेचं विवरण पाहणाऱ्याला वाटतं की व्हिसासाठी कुणाकडून तरी रक्कम आणून भरली. प्रत्येक मोठ्या जमा रकमेसमोर बिलाचा संदर्भ द्या. बोटींच्या तारखा आणि खोल्यांच्या तारखा जुळल्या पाहिजेत, नाहीतर तिथेच शंका येते.

प्रश्न : आम्ही जैन आहोत. आठ दिवस खायचं काय? (सांगली)

उत्तर : शाकाहार अवघड नाही, कांदा-लसूण टाळणं अवघड आहे. ग्रीक ऑर्थोडॉक्स लोक वर्षातले बरेच दिवस मांस, दूध, अंडी न खाता उपास करतात, त्यामुळे बिनमांसाचं जेवण हा तिथल्या घरचा भाग आहे. उपासाच्या पदार्थांना ‘निस्तिसिमा’ म्हणतात. मात्र त्या उपासाला कोळंबी, कालवं चालतात, तेव्हा हा शब्द ऐकून निर्धास्त होऊ नका. ‘होरिस क्रेआस, होरिस प्सारी’ म्हणजे मांस नको, मासे नकोत. ‘होरिस क्रेमिदी, होरिस स्कोर्दो’ म्हणजे कांदा नको, लसूण नको. चारही एका कागदावर ग्रीक लिपीत लिहून घ्या आणि खाणावळीत दाखवा.

काय मागवावं? ‘होर्ता’ म्हणजे उकडलेली रानभाजी, वर ऑलिव्ह तेल आणि लिंबू. यात कांदा-लसूण नसतो. ‘कोलोकिथी’ म्हणजे भोपळ्याच्या जातीची झुकिनी, ती आणि वांगी यांचे तळलेले काप मिळतात. ग्रीक सॅलडमधला कांदा काढून देतात. ‘फावा’ ही पिवळ्या डाळीची घोटलेली आमटी दिसायला आपल्या वरणासारखी, पण शिजवतानाच त्यात कांदा पडतो. राजम्यापेक्षा मोठे ‘गिगांतेस’ आणि भात भरलेले टोमॅटो ‘गेमिस्ता’ यांतही कांदा असतो. शिवाय गेमिस्तात कधी खिमा घालतात, विचारल्याशिवाय घेऊ नका. दही-काकडीच्या ‘त्झात्झिकी’त लसूण. फेटा चीज पारंपरिक पद्धतीने जनावराच्या रेनेटवर (जठरातून काढलेल्या विरजणावर) विरजतात, हे जाणूनच ठरवा. दही मात्र उत्तम मिळतं.

सिफ्नोसला गेलात आणि कांदा चालत असेल तर रविवारची ‘रेविथाडा’ सोडू नका. भिजवलेले छोले, कांदा, ऑलिव्ह तेल, तमालपत्र, एवढंच मातीच्या झाकणाच्या भांड्यात भरून शनिवारी रात्री लाकडाच्या भट्टीत ठेवतात. रविवारी चर्चहून येताना काढतात. रात्रभराच्या मंद आचेने छोला लोण्यासारखा होतो. वर लिंबू पिळायचं.

तुमच्यासाठी खरा उपाय म्हणजे छोटं स्वयंपाकघर असलेली खोली. तिला तिथे ‘स्टुडिओ’ म्हणतात. भाजणी, मेतकूट, कोरडी चटणी, भडंग घरून न्या. दुधाचे पदार्थ युरोपात नेता येत नाहीत, त्यात साताऱ्याचे कंदी पेढे आणि तूपही आलं. ताजी फळं-भाज्याही नेऊ नका. तांदूळ, डाळ, टोमॅटो बेटावरच्या दुकानात मिळतात, पण दुकान दुपारी बंद असतं आणि भाजी बोटीने येते. वाऱ्यात दोन दिवस बोट आली नाही की फळ्या रिकाम्या होतात, म्हणून एका दिवसाचा शिधा हाताशी ठेवा.

प्रश्न : आम्हाला डोंगर चढायची सवय आहे. हिरवं, चालायला चांगलं बेट आहे का? (महाबळेश्वर)

उत्तर : सायक्लेडीस गटातली (वर आलेली बेटं याच गटातली) बहुतेक बेटं उन्हाळ्यात माण-खटावच्या माळासारखी करडी असतात, दगडी बांधांनी आखलेली. अपवाद अँड्रोस. तिथे झरे आहेत, ओढे आहेत, झाडांची सावली आहे आणि खुणा केलेल्या पायवाटा शंभर किलोमीटरहून जास्त. राफिनाहून बोटीने दोन तास. सिफ्नोसवरही जुन्या गाढववाटा चालण्यासाठी नीट राखल्या आहेत.

आमोर्गोसवर खोझोविओतिसा हा मठ सरळसोट कड्याला चिकटून उभा आहे, अकराव्या शतकापासूनचा. पायथ्यापासून सुमारे तीनशे पायऱ्या. पुरुषांना लांब पँट, बायकांना स्कर्ट किंवा अंगभर कपडे लागतात. पंजाबी ड्रेसवर स्टोल किंवा पंचा गुंडाळायची तयारी ठेवा. सकाळी लवकर जा, दुपारी मठ बंद असतो. चालताना माणशी दीड-दोन लिटर पाणी हवं. वाटेत मिळेल असं धरून चालू नका.

प्रश्न : स्कूटर भाड्याने घेता येईल का? (तासगाव)

उत्तर : आंतरराष्ट्रीय चालक परवाना आरटीओतून काढून न्या, मूळ लायसनही सोबत ठेवा. लायसनवर दुचाकीचा प्रकार नसेल तर स्कूटर घेऊ नका. अपघात झाला तर विमा पैसे देणार नाही. गाडी उजव्या बाजूने चालवायची असते. चूक होते ती रिकाम्या रस्त्यावर, वळणानंतर, सवयीने डावीकडे गेल्यामुळे. वळणावर खडी आणि आडवा वारा, दोन्हींपासून जपा. हेल्मेट घालाच.

प्रश्न : दोघांना खर्च किती धरावा? (मिरज)

उत्तर : विमान आणि व्हिसा सोडून बोलू. जून किंवा सप्टेंबरमध्ये लहान बेटावर साधी स्वच्छ खोली दिवसाला ६० ते ९० युरो, खाणावळीत शाकाहारी जेवण माणशी १५ ते २० युरो असा अंदाज धरा. युरो शंभर रुपयांच्या वर धरून हिशोब करा. खोलीच्या भाड्याशिवाय सरकारी कर आहे. एप्रिल ते ऑक्टोबरमध्ये हॉटेलच्या दर्जानुसार खोलीमागे रात्रीला २ ते १५ युरो, आणि तो बहुधा तिथे पोचल्यावर भरावा लागतो. कार्ड जवळपास सगळीकडे चालतं, पण लहान बेटावर एखादंच एटीएम असतं, म्हणून तीनशेक युरो रोख जवळ असू द्या. यंत्राने ‘रुपयांत घेऊ का?’ असं विचारलं तर नाही म्हणा, युरोच निवडा. रुपयांचा दर नेहमी महाग पडतो.

प्रश्न : खोलीत कोणत्या गोष्टी वेगळ्या असतात? (कोरेगाव)

उत्तर : संडासात कागद टाकायचा नाही. सांडपाण्याचे पाइप अरुंद असतात, लगेच तुंबतात; कागद शेजारच्या झाकणाच्या डब्यात टाकायचा. जेट स्प्रे बहुतेक ठिकाणी नसतो, प्लॅस्टिकचा हलका मग घरून न्या. नळाचं पाणी बऱ्याच लहान बेटांवर खारं किंवा समुद्राचं गोड केलेलं असतं, पिण्यासाठी बाटलीचं घ्या आणि अंघोळीला जपून वापरा. वीज आपल्यासारखीच २३० व्होल्टची. दोन गोल पिनांचा प्लग चालतो, तीन पिनांचा बसत नाही.

प्रश्न : वडिलांची अँजिओप्लास्टी झाली आहे. त्यांना लहान बेटावर न्यावं का? (फलटण)

उत्तर : डॉक्टरांची परवानगी असली तरी कुफोनिसी, सिकिनोस, अनाफी नको. तिथे छोटा दवाखाना असतो. गंभीर रुग्णाला बोटीने किंवा हेलिकॉप्टरने हलवावं लागतं आणि जोरदार वाऱ्यात तेही लांबतं. त्यांच्यासाठी सिरोस घ्या. एर्मूपोली या मुख्य शहरात सरकारी रुग्णालय आहे, पिरेयसच्या बोटी नियमित आहेत आणि दक्षिणेकडच्या किनाऱ्यावरच्या गावांत जूनमध्ये पुरेशी शांतता असते. खोली तळमजल्याची आणि धक्क्यापर्यंत टॅक्सी येईल अशी मागा. विमा काढताना जुना आजार लपवू नका; तो नोंदवलेला नसेल तर ऐन वेळी दावा नाकारतात. गोळ्या मूळ पाकिटात, सात दिवस जादा, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत ठेवा. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध चिठ्ठीशिवाय नेऊ नका. तातडीच्या मदतीला ११२, रुग्णवाहिकेला १६६. दोन्ही नंबर वडिलांच्या फोनमध्येही घालून ठेवा.